मालकीणबाई सांगतील तिकडं

“हॉर्न नंतर वाजवा,” हे म्हणाले. “आधी ऐका.”

इचलकरंजीहून आमच्या कोल्हापूरला आलेले ते दोघे तरुण बॉनेटवर वाकले. इंजिन सुरू होतं. म्हणजे असावं, कारण मला पायरीवरून फक्त पेरूच्या झाडावरच्या पोपटांचा कलकलाट ऐकू येत होता.

“काय ऐकायचं काका? आवाजच नाही.”

“तेच ऐकायचं.”

दुसरा मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवा बसला. “हे काढायचं आणि मोठं बसवायचं. मग बघ भावा, रंकाळ्याला एक चक्कर मारली की सगळी मान वळवून बघतील.”

यांनी आत हात घालून किल्ली फिरवली. बॉनेट खाली घेतलं, आपटलं नाही, तळव्याने दाबून बसवलं. मग खिशातलं फडकं काढून, त्या दोघांचे हात जिथे जिथे लागले होते तिथे पुसलं.

“गाडी द्यायची नाही,” हे म्हणाले.

“अहो काका, पेपरात जाहिरात तर तुम्हीच—”

“होय. चहा घेऊन जावा.”

मी इतक्या आनंदाने क्वचितच कुणाला चहा दिला असेल. सोबत चिवडाही दिला. दोघे बिचारे गोंधळून चिवडा खाऊन गेले.

ती गाडी विकली जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. आज ऐंशीच्या घरात बसून मागे पाहताना कुणाला यात नवल वाटेल, कारण त्याआधीची कितीतरी वर्षं त्या गाडीवर माझा रागच होता. जांभळाच्या रंगाची होंडा सिटी, व्हीटेक इंजिनाची. दिसायला चार दारांची घरगुती गाडी, पण पळायला लागली की रस्ता मागे ओढल्यासारखा जायचा. उद्यमनगरातला लेथचा कारखाना चालत होता तेव्हा यांनी ती नवी घेतली. रविवारी सकाळी आमच्या घरात देवपूजेच्या आधी गाडीपूजा व्हायची. चाकाच्या जाळीतली धूळ जुन्या दाढीच्या ब्रशने काढायची, दाराच्या रबराला पावडर लावायची, ऑइल बदलायचं तर स्वतः खाली झोपून. गिअरची मूठसुद्धा यांनी स्वतः शिसवीतून लेथवर काढली होती, कंपनीची मूळ मूठ डब्यात घालून ठेवली. “माझ्या हाताच्या मापाची नव्हती,” म्हणायचे.

आणि त्या गाडीत मी फारशी बसलेच नव्हते. लग्नाला, बारशाला, दवाखान्याला, तेवढंच. एरवी हे एकटेच निघायचे, गगनबावड्याच्या घाटात, नाहीतर आंब्याच्या. कुठे जाताय विचारलं तर “येतो जाऊन” म्हणायचे. त्यांच्या पिढीतल्या पुरुषाला बायकोला कुठे जातोय ते सांगायची सवय नव्हती आणि आम्हाला पुन्हा विचारायची.

ते सगळं त्या वर्षीच्या संक्रांतीनंतर बदललं.

एका सकाळी यांनी गाडी बाहेर काढली आणि फाटकातूनच हाक मारली, “चल की.”

“कुठं?”

“कुठंतरी. तू सांगशील तिकडं.”

मी पदराला हात पुसत तशीच जाऊन बसले. मला वाटलं, गंमत करताहेत. पण कोपऱ्यावर यांनी गाडी थांबवली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, “बोला मालकीणबाई. डावीकडं का उजवीकडं?”

“उजवीकडं,” मी म्हणाले. उगीचच. आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी माझ्या शब्दावर वळली.

मग तो रोजचा खेळच झाला. रोज सकाळी नाश्ता झाला की आम्ही निघायचो. प्रत्येक चौकात हे विचारायचे, “आता कुठं, मालकीणबाई?” आणि मी सांगायचे. कधी जोतिबाला, कधी पन्हाळ्याला, कधी नुसतं नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत. केस कापायला जायचं तरी मला घेऊन जायचे. मी गाडीत बसून राहायचे, हे कापून यायचे, आणि येताना पुन्हा तोच खेळ. एकदा वाघबिळाच्या फाट्यावर यांनी गाडी बाजूला घेऊन उभीच केली. इंजिन चालू, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर. समोरच्या दोन रस्त्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हवा बघ कशी पडलीय.” मी काच खाली केली. खरंच सुंदर हवा होती. आम्ही बराच वेळ तसेच बसलो. तरुण असताना जे कधी झालं नाही ते आता होतंय, असं मला वाटलं, आणि मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

शेजारच्या पाटणेबाई एकदा कुंपणावरून म्हणाल्या, “कुमुदताई, रोज फिरायला? नव्या जोडप्याच्या वर केलंत की!”

“तुमच्या यांना सांगा की शिकवणी लावायला आमच्याकडे,” मी म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं ते ऐकून.

आणि अशात मार्चमध्ये, जेवताना ताटावरून मान वर न करता हे म्हणाले, “गाडी द्यावी म्हणतो.”

“कुणाला?”

“विकावी.”

माझा घास हातातच राहिला. “का? काय झालं तिला?”

“तिला काही झालेलं नाही. म्हणूनच. चालती असताना द्यावी.”

“आणि आपण कशातनं फिरायचं?”

यांनी भाकरीचा तुकडा मोडला. थोड्या वेळाने म्हणाले, “तू गाडी शिकायला पाहिजे होतीस.”

“आता? गुडघ्याला तेल लावायच्या वयात?”

“तेच म्हणतोय,” ते म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले.

मुलाला, पुण्याला फोन केला. समीरला उलट आनंदच झाला. “बरोबर आहे बाबांचं. या वयात कशाला क्लच दाबत बसायचं? ऑटोमॅटिक घेऊन देतो. ड्रायव्हर ठेवा.” मी म्हटलं, तसं नाही रे. पण कसं ते मला त्याला सांगता येईना. आईने मुलाला काय सांगायचं, की तुझे बाबा आता मला विचारून गाडी वळवतात?

तेव्हा मी यांच्या तोंडावरच माझं काम सुरू केलं. गिऱ्हाईक आलं की मी बाहेर येऊन बसायचे.

“जुनी आहे हो फार,” मी म्हणायचे. “सुटे भाग मिळत नाहीत म्हणे.”

“सगळे मिळतात,” हे म्हणायचे.

“पेट्रोल पिते.”

“गाडी आहे, पेट्रोलच पिणार. ताक घालायचं काय?”

पण मला फार काही करावं लागत नव्हतं. गिऱ्हाइकांना हेच हाकलून लावत होते. एक दाताचे डॉक्टर आले. आत डोकावून म्हणाले, “अरे, ऑटोमॅटिक नाही का?” यांनी त्यांना विचारलं, “मग तुम्ही आत बसून काय करणार?” एक साखर कारखान्याचे अधिकारी आले. त्यांनी चक्कर मारायला गाडी घेतली. परत आल्यावर यांनी मान हलवली. “गिअरच्या मुठीवर हात टाकून बसला होता. काम झालं की हात चाकावर पाहिजे. मूठ म्हणजे काय हात ठेवायची जागा आहे?” एका गृहस्थाचा डावा पाय सारखा क्लचवर होता, म्हणून तो गेला. एकाने थंड इंजिन रेस केलं, म्हणून तो.

प्रत्येक नकाराबरोबर मी मनातल्या मनात एक सकाळ जास्तीची मिळवत होते.

मग नेत्रा शिरगावे आली.

ती रिक्षातून उतरली. तिशीची असेल. सावळी, केस घट्ट बांधलेले. मूळची गडहिंग्लजची, शिरोलीच्या एका फाउंड्रीत नुकतीच इंजिनिअर म्हणून लागलेली. कोल्हापूर तिला अजून नवीन होतं. आली ती गाडीकडे गेली नाही. आधी चप्पल काढून वर आली, माझ्या पाया पडली, यांच्या पाया पडली, आणि मग म्हणाली, “काका, बघू का?”

“बघ.”

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर तळहात ठेवला. “थंड आहे. बरं झालं, खरं काय ते कळेल,” म्हणाली. आत बसली, किल्ली फिरवली आणि नुसती बसून राहिली. रेस नाही, हॉर्न नाही. इंजिन तापून आरपीएमचा काटा खाली यायची वाट बघत.

हे पायरीवर माझ्या शेजारी उभे होते. यांचा श्वास मला ऐकू आला.

“कुणी शिकवलं?” यांनी विचारलं.

“पप्पांनी. दूध संघाचा टँकर चालवायचे. मला आधी टँकरच आला, गाडी मागनं.”

“टँकर चालवतीस?”

“चालवत होते. दूध हिंदकळायला लागलं की पप्पा ओरडायचे. त्या भीतीनं हात हलका झाला.”

हे हसले. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. मी घाईने मध्ये पडले.

“जुनी आहे बरं का,” मी म्हणाले.

“असू दे की काकू,” ती म्हणाली. “जुनी दिसत नाही. कुणीतरी जीव लावलेला दिसतोय.”

मी पदराने पायरीवरची धूळ झटकली.

“चल,” हे तिला म्हणाले. “पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ. जाताना तू चालव. येताना मी दाखवतो, उतारावर हिला कसं धरायचं ते.” मग माझ्याकडे वळले. “तू पण चल.”

“मी कशाला? तुमचा व्यवहार तुम्ही करा.”

“चल की,” हे म्हणाले. हा आवाज मी आज ओळखते. त्या दिवशी मला तो आग्रहाचा वाटला.

मी मागे बसले. संक्रांतीपासून माझी जागा पुढे होती, यांच्या शेजारी. आता तिथे हे बसले आणि चाकावर ती. कसं जायचं ते मीच मागून थोडं फुगून सांगत होते. पूल ओलांडला, गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला. नेत्रा रस्त्यावर नजर ठेवून होती. गिअर बदलला की कळायचंही नाही. काम झालं की तिचा हात लगेच चाकावर. यांनी एकदाही टोकलं नाही. मी मागून यांच्या मानेकडे बघत होते. मान खूश होती. माणसाची मानसुद्धा खूश दिसू शकते हे इतकी वर्षं संसार केल्यावर कळतं.

गेली, मी मनात म्हटलं. आज गाडी गेली.

चढाची चार वळणं चढून तिथून परत फिरायचं ठरलं. दोघांनी जागा बदलल्या. हे चाकावर बसले आणि त्यांनी ती गाडी अशी आणली की आजही डोळ्यांपुढे आहे. वळणाच्या आधी गिअर उतरवायचा, उजव्या पायाच्या टाचेनं हळूच रेस द्यायची, की गाडी धक्का न देता आपसूक संथ होते. ब्रेकला पाय जेमतेम लागत होता. “इंजिनानं धरायची गाडी,” ते सांगत होते. “ब्रेक शेवटी. ब्रेक म्हणजे आपलं चुकलं.” नेत्रा वही-पेन्सिल घेऊन बसलेल्या मुलीसारखी ऐकत होती. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. पण हात-पाय असे चालत होते, जणू त्यांना वय कुणी सांगितलंच नाही.

सपाट रस्ता लागला. पुन्हा ऊस, पुन्हा नदी, पुन्हा पूल. पुलापलीकडच्या मोठ्या चौकात लाल दिवा लागला आणि गाडी थांबली.

“आता कुठं?” यांनी विचारलं.

नेत्रा हसली. “मला काय माहीत काका? घर तुमचं!”

मी मागून काही बोलले नाही. खेळायची इच्छाच नव्हती मला. ज्याची गाडी जाणार त्याने सांगावं, कुठे जायचं ते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दिवा हिरवा झाला. यांनी पहिला गिअर टाकला. पण गाडी हलली नाही. त्यांनी गिअर काढला. पुन्हा टाकला. पुन्हा काढला. मागे ट्रकने हॉर्न दिला, मग एका टेम्पोने, मग सगळ्यांनीच. एक दुचाकीवाला शेजारून जाताना ओरडला, “ओ आजोबा! झोपला काय?”

यांच्या मानेवर घाम आला होता. गाडीत थंड हवा चालू होती.

मी वर पाहिलं. समोरच्या छोट्या आरशात यांचे डोळे होते. ते रस्त्याकडे बघत नव्हते. ते मला शोधत होते.

“कुमुद,” हे म्हणाले.

चारचौघांत यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं.

“कुमुद, कुठं?”

त्यात खेळ नव्हता. कधीच नव्हता. ज्या चौकातून लग्न करून यांनी मला घरी आणलं, ज्या चौकातून हे रोज कारखान्याला गेले, त्या चौकात हे उभे होते आणि आपलं घर कोणत्या बाजूला आहे ते यांना माहीत नव्हतं. आजच नव्हे. संक्रांतीपासूनच्या सगळ्या सकाळी त्या एका क्षणात माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. केस कापायला मी सोबत. फाट्यावरची ती सुंदर हवा. उजवीकडं, डावीकडं, मालकीणबाई.

“डावीकडं,” मी म्हणाले.

गाडी वळली. अगदी अलगद.

“सरळ चला,” मी म्हणाले. “पंपाच्या पुढं उजवीकडं. आता सरळ. मारुतीच्या देवळापाशी सावकाश, तिथं मुलं खेळतात. आता डावीकडं. पेरूचं झाड दिसतंय का? तेच आपलं फाटक.”

नेत्रा समोर बघत होती. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते. तिला कळलं होतं.

घरी आल्यावर यांनी तिला थांबायला सांगून हत्यारांची पेटी आणली. गाडीत बसून शिसवी मूठ फिरवून काढली आणि डब्यातली मूळ मूठ तिथे बसवली. काम करताना बोट जराही चुकलं नाही.

“ही माझ्याकडं राहू दे,” ते म्हणाले. “आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. वडील बाजारात बैल द्यायचे आणि दावं खांद्यावर टाकून घरी यायचे.”

“आमच्यात पण तसंच आहे काका,” नेत्रा म्हणाली. मग ती एकदम म्हणाली, “काका, मला घाई नाही. गाडी राहू दे की तुमच्याकडं थोडे दिवस. मी नंतर येते. पावसाळ्यानंतर नेते.”

मी यांच्याकडे पाहिलं. मला वाटत होतं, त्यांनी हो म्हणावं. खरं कळल्यानंतरही मला तेच वाटत होतं. विचारू देत की. मी सांगीन. जन्मभर सांगीन.

“नको,” हे म्हणाले. “आजच ने. आज मला कळतंय मी काय देतोय ते.”

नेत्राने माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या होकारासाठी थांबली होती.

“ने बाळ,” मी म्हणाले.

मी आत जाऊन हळदीकुंकू आणलं. तिला लावलं, गाडीला लावलं. पैशा-कागदांचं उद्यावर टाकून यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि उरलेली दुसरी किल्लीही ठेवली. फाटकातून बाहेर पडताना तिने एकदाही रेस केलं नाही. कोपऱ्यावर डावीकडचा दिवा लुकलुकला आणि गाडी गेली. हे पायरीवर उभे राहून कान देत होते. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “तिसरा टाकला.” मग आत आले.

त्या दुपारी मी विचारलं, “कधीपासून?”

ते मूठ दोन्ही हातांत फिरवत बसले होते. “संक्रांतीच्या आधी. उद्यमनगरातनं निघालो आणि रस्ताच संपला. म्हणजे रस्ता होता. पण माझा नव्हता.” मग म्हणाले, “शेवटी एका रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. म्हटलं, तू पुढं हो, मी मागनं येतो.”

“मला का नाही सांगितलंत?”

ते मूठ फिरवतच राहिले. मला वाटलं, प्रश्नही विसरले.

“सांगणार होतो,” ते म्हणाले. “म्हणूनच तुला गाडीत बसवली पहिल्या दिवशी. पण तू इतकी खूश झालीस. म्हटलं, होऊ दे.”

पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं. डॉक्टर झाले, पुण्याला नेऊन तपासण्या झाल्या, समीरने ऑटोमॅटिक घेऊन ड्रायव्हर ठेवून दिला, तो यांनी एका दुपारी चोर समजून हाकलून दिला. आधी रस्ते गेले. मग शेजारी गेले. मग समीर आला की “हे कोण पाहुणे?” म्हणून मला हळूच विचारायला लागले. नेत्रा दर दिवाळीला गाडी घेऊन यायची, मुद्दाम दाखवायला. पहिल्या वर्षी यांनी चारी चाकं तपासली. दुसऱ्या वर्षी बॉनेटवरून हात फिरवला. त्याच्या पुढच्या वर्षी “छान आहे, कुणाची?” असं विचारलं. नेत्रा फाटकाबाहेर जाऊन रडली. त्यानंतर ती आली तरी गाडी कोपऱ्यावरच लावून यायची.

फक्त ती मूठ हातातून सुटली नाही. सकाळी नाश्ता झाला की हे सोफ्यावर उजव्या टोकाला बसायचे. मी डावीकडे. मधल्या उशीवर मूठ धरलेला यांचा डावा हात. पाय जमिनीवर दाबायचा, हात पुढे जायचा, मागे यायचा. काम झालं तरी हात मुठीवरच. पूर्वी असं दुसऱ्या कुणी केलं असतं तर यांनी त्याला गाडीतून उतरवलं असतं.

“आता कुठं?” ते विचारायचे.

“सरळ. पूल येईल आता.”

“आता?”

“ऊस लागला बघा दोन्ही बाजूंना.”

मी त्यांना रोज पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत नेऊन परत आणायचे. कामवाली दाराशी उभी राहून बघायची आणि डोळ्यांना पदर लावायची. मी तिला सांगायचे, भांडी घास.

एके दिवशी असेच निघालो. पाऊस पडून गेला होता, पेरूच्या झाडाखाली फळांचा सडा पडला होता. आम्ही जाऊन परत आलो. पूल ओलांडला. चौक आला.

“डावीकडं,” मी म्हणाले. “आता सरळ. पंपाच्या पुढं उजवीकडं. मारुतीपाशी सावकाश. डावीकडं. हं, आलं घर.”

यांनी पाय दाबून गाडी थांबवली. गिअर काढला. मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीने, अनोळखी बाईशी बोलावं तसे म्हणाले, “उतरा. तुमचं घर आलं.”

“आणि तुम्ही?”

“मला अजून पुढं जायचंय.”

“कुठं?” मी विचारलं. कितीतरी वर्षांनी तो प्रश्न पुन्हा माझ्याकडून त्यांच्याकडे गेला.

त्यांनी समोर पाहिलं. भिंत होती, भिंतीवर आमचा लग्नातला फोटो होता. ते त्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होते. ते मी उतरायची वाट बघत होते. मी बसलेली असताना त्यांना निघता येत नव्हतं.

मी उठले आणि सोफ्यापासून दोन पावलं मागे सरून उभी राहिले.

त्यांनी पहिला टाकला.